वाचक विचारतात : कोल्हापूरचा माल घेतला की पर्यावरण राखलं का?

प्रश्न : गूळ मी मुद्दाम गुऱ्हाळावर जाऊन आणतो. येऊन-जाऊन २० किलोमीटर पडतं. बाहेरगावच्या मालापेक्षा हे चांगलंच ना? (वाचक, राजारामपुरी)

उत्तर : किलोभर गुळासाठी गाडी काढत असाल तर नाही. लिटरला ५० किलोमीटर देणारी दुचाकी या फेरीत ४०० मिलिलिटर पेट्रोल पिते. पुण्याहून कोल्हापूरला माल यायचा तर अंतर सुमारे २३० किलोमीटर. १५ टन भरलेला ट्रक लिटरला ४ किलोमीटर चालतो असं धरलं, तर किलोमागे ४ मिलिलिटरसुद्धा डिझेल जळत नाही. तेव्हा चार घरांनी मिळून १० किलोचा रवा (गुळाची ढेप) एकदम आणावा.

गुऱ्हाळावर गेलात की आधी चुलाण बघा. वाळलं चिपाड जळत असेल तर उत्तम. ते उसाचंच, वेगळं सरपण लागत नाही. चिपाड ओलं असलं की आच धरत नाही, मग कुठे कुठे टायरचे तुकडे आत जातात. काळा धूर आणि रबराचा वास आला तर तिथून घेऊ नका. रस साफ करायला भेंडीचा चिकट रस आणि थोडा चुना पुरतो. रंग उजळवण्यासाठी हायड्रॉस हे गंधकाचं रसायन टाकतात, त्यातून गुळात सल्फर डायऑक्साइड उतरतो. त्याची मर्यादा ७० पीपीएम (दहा लाख भागांत ७० भाग) आहे, पण ते प्रयोगशाळेतच कळतं, नुसत्या नजरेनं नाही. तरी पिवळाधमक रवाच हवा हा हट्ट आपण गिऱ्हाइकांनी सोडायला हरकत नाही.

प्रश्न : चप्पल लाईनमधून कोल्हापुरी घ्यायची आहे. जीआय (भौगोलिक मानांकन) आहे म्हणजे पर्यावरणाला चांगलीच का? आणि टिकवायची कशी? (वाचक, कळंबा)

उत्तर : कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय मिळालं, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांसाठी. पण दुकानात 'कोल्हापुरी' म्हणून मांडलेली प्रत्येक जोडी त्यातली नसते. शिवाय चप्पल इथली असली तरी कातडं बरेचदा तमिळनाडूतून येतं. त्यामुळे गावापेक्षा कमावणी विचारा. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावायला कित्येक आठवडे लागतात. क्रोमचं काम झटपट होतं, पण सांडपाण्यात क्रोमियम जातं.

ओळखायचं कसं? तळाची कापलेली कड उजेडात धरा. साल-हिरड्याचं कातडं आतपर्यंत तपकिरी असतं. क्रोमच्या कातड्याच्या गाभ्यात निळसर-करडी छटा दिसते. कडेला रंग फासला असेल तर दुकानदाराला रंग न दिलेला तुकडा मागा. तळाच्या थरांत पुठ्ठा किंवा रेक्झिन नाही ना, तेही बघा. पुठ्ठा एका पावसात फुगतो आणि शिवण उसवते. तळ नुसता डिंकावर आहे की शिवलेला, हे उलटून पाहिलं की कळतं. शिवलेला असेल तर तळ बदलून तीच चप्पल पुन्हा वापरता येते. पर्यावरणाचा खरा फायदा तिथे आहे, पाच वर्षं चालणाऱ्या जोडीत.

नव्या जोडीला चमचाभर एरंडेल चोळा. कान, पट्टा आणि अंगठ्यावर जास्त, तळाला कमी. रात्रभर ठेवून सकाळी कोरड्या फडक्यानं पुसा. पहिले काही दिवस घरातच, तासाभरापुरती घाला, म्हणजे अंगठा कापत नाही. पावसाळ्यात ती घालूच नका. भिजलीच तर आत वर्तमानपत्र कोंबून सावलीत वाळवा. उन्हात घाईनं वाळवलं की तंतू एकमेकांना चिकटतात, कातडं कडक होतं आणि वाकतं तिथेच तडकतं. वाळल्यावर पुन्हा तेल द्या.

प्रश्न : गंगावेशीतल्या कुंभारांकडून शाडूची मूर्ती घेतली. ती तर स्थानिकच? (वाचक, कसबा बावडा)

उत्तर : हात स्थानिक, शाडू मात्र बहुतेक गुजरातेतून येतो. म्हणून ती माती परत वापरात आली तर फायदा. मूर्ती पूर्ण बुडेल एवढ्या बादलीत विसर्जन करा, विरघळली की एक दिवस निवळू द्या, वरचं पाणी अलगद ओता आणि गाळ वाळवून कुंभाराला विचारून त्यालाच द्या. कुंडीत नुसता शाडू भरू नका. बारीक कणांमुळे पाणी जिरत नाही आणि मुळं कुजतात.