काल्शीवर (घटनांच्या निकालांवर करार विकत घेता येणारा अमेरिकन बाजार) एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगच्या प्लेऑफमधल्या, म्हणजे बाद फेरीतल्या, संघाचा भाव ७० सेंट दिसतोय, म्हणजे तो जिंकणारच का?
नाही. संघ जिंकला तर करारामागे १ डॉलर मिळतो, हरला तर शून्य. म्हणून ७० सेंट म्हणजे बाजाराच्या मते साधारण ७० टक्के शक्यता. उरलेले ३० टक्केही खरेच घडतात! २०२५ च्या फायनलचा पहिलाच सामना आठवा: चौथ्या क्वार्टरमध्ये ओक्लाहोमा सिटी थंडर १५ गुणांनी पुढे, आणि ०.३ सेकंद उरले असताना इंडियाना पेसर्सच्या हॅलिबर्टनने बास्केट केली. पेसर्स १११-११० ने जिंकले. अख्ख्या सामन्यात ते पुढे होते ते फक्त त्या शेवटच्या ०.३ सेकंदांत. मालिका मात्र थंडरने ४-३ अशी नेली, त्यामुळे करार सामन्याचा आहे की मालिकेचा, ते आधी नीट वाचा. खरेदी-विक्रीच्या भावातला फरक आणि फी वेगळीच.