कार्ड ओळखता येतं, पण कानाला कळत नाही

प्रश्न : आठ महिने झाले, जपानी सिरीयल आणि ॲनिमे बघता बघता सबटायटल्समधून ॲन्कीत (ठरावीक दिवसांनी कार्डं पुन्हा विचारणारं पाठांतराचं ॲप) फ्लॅश कार्डं बनवतोय. पुढे जपानी वाक्य आणि सीनचा फोटो, मागे इंग्लिश सबटायटल. रोज २० नवी कार्डं. आता रोज दोनशेच्या वर रिव्ह्यू, म्हणजे उजळणीची जुनी कार्डं, साचतात, उत्तरं बरीचशी बरोबर येतात, पण नवा एपिसोड सबटायटल बंद करून लावला की सगळं डोक्यावरून जातं. चुकतंय कुठे?

उत्तर : अहो, तुमचा शब्द पाठ झालेला नाही, सीन पाठ झालाय! फोटोत पावसात उभी असलेली मुलगी दिसली की ती काय म्हणाली ते आपोआप आठवतं, वाक्य वाचायची गरजच उरत नाही. फोटो आणि वाक्य दोन्ही मागे टाका, पुढे फक्त आवाज ठेवा. सुरुवातीला धडाधड चुका होतील, होऊ देत, खरी तयारी तेवढीच आहे.

आता ते इंग्लिश सबटायटल. समजा कोणीतरी धावत येतं आणि म्हणतं 'मातासेते गोमेन', खाली येतं सॉरी, आय ॲम लेट. मग तुम्ही 'मातासेते' म्हणजे उशीर असं धरून बसता, पण त्यात उशीर हा शब्दच नाहीये, 'मात्सु' म्हणजे वाट बघणं आणि 'मातासेरु' म्हणजे वाट बघायला लावणं. मागच्या बाजूला 'ताटकळत ठेवलं, सॉरी हं' असं लिहा की झालं. 'अनाता', 'ओमाए', 'किसामा' या तिघांचंही इंग्लिशमध्ये एकच यू होतं, आणि तू-तुम्ही-आपण बोलत वाढलेल्या माणसाने तो फरक इंग्लिशच्या नादात घालवायचा म्हणजे कमाल आहे (किसामा खऱ्या माणसाला म्हणू नका बरं, भांडण होईल). क्रियापद शेवटी, नामाला मागून चिकटणारे प्रत्ययासारखे तुकडे, 'सोउ देसु ने' मधला 'ने' तर जवळजवळ आपला 'हो ना' मधला 'ना', एवढं सगळं जुळत असताना मध्ये तिसरी भाषा कशाला?

सब्सटूएसआरएससारखं टूल अख्ख्या एपिसोडची कार्डं आवाजासकट एका झटक्यात पाडून देतं, आणि माणूस हावरटपणे सगळी ठेवतो, मीही ठेवली होती. ज्या वाक्यात एकच गोष्ट नवीन आहे तेवढीच ठेवा, बाकीची डिलीट.

आणि २० नवी ही ॲन्कीची डिफॉल्ट सेटिंग आहे, कोणी शपथ घातलेली नाही. साचलेली संपेपर्यंत शून्य करा, मग पाच-सात. आठ वेळा विसरलेल्या कार्डाला ॲन्की लीच, म्हणजे जळू, असा टॅग लावतं, त्याच्याशी झटापट न करता सरळ उडवा, शब्द कामाचा असेल तर पुढच्या एखाद्या एपिसोडमध्ये भेटेलच.