शहरातल्या इमारतींमागच्या स्त्री वास्तुविशारदांची नावं फारशी ऐकू का येत नाहीत?

काम झालं नाही म्हणून नव्हे, नाव लागलं नाही म्हणून. इमारतीचं श्रेय बहुतेक वेळा फर्मच्या प्रमुखाला किंवा 'डिझाइन' करणाऱ्याला जातं. नकाशे तपशीलवार करणं, कंत्राटदारांशी समन्वय, खर्च आणि वेळापत्रक सांभाळणं ही कामं करणारा माणूस मागेच राहतो.

अमेरिकन वास्तुविशारद नॉर्मा मेरिक स्क्लारेक यांचंच बघा. 1954 मध्ये त्यांना न्यूयॉर्कचा वास्तुविशारद परवाना मिळाला. टोकियोतल्या अमेरिकन दूतावासाची इमारत कागदावरून प्रत्यक्षात आणण्यात त्यांचा मोठा वाटा, पण नाव झालं त्याच फर्ममध्ये डिझाइन करणाऱ्या सेझार पेल्ली यांचं.

नवरा-बायको एकत्र काम करत असले तर विचारूच नका. 1991 चं प्रित्झकर पारितोषिक, म्हणजे वास्तुकलेतला सर्वांत मानाचा पुरस्कार, रॉबर्ट व्हेंचुरी यांना एकट्यांना दिलं गेलं. पत्नी डेनिस स्कॉट ब्राउन कामात त्यांच्या बरोबरीच्या भागीदार होत्या. 2013 मध्ये त्यांचाही समावेश करावा म्हणून याचिका आली, समितीने नकार दिला. माझ्या मते हा नकार मूळ चुकीपेक्षाही वाईट.

ऑस्ट्रेलियाची राजधानी कॅनबेरा ज्यावरून उभी राहिली, त्या आराखड्याने 1912 मध्ये स्पर्धा जिंकली. परीक्षकांसमोर गेलेली त्याची देखणी रेखाचित्रं मॅरियन माहोनी ग्रिफिन यांच्या हातची, पण प्रवेशिका पती वॉल्टर यांच्या नावावर.

तुमच्या शहरात शोधायचं असेल तर कोनशिलेवर वेळ घालवू नका, तिथे उद्घाटन करणारे पुढारीच सापडतात. मंजुरीसाठी दिलेले जुने नकाशे मिळाले तर कोपऱ्यातला नावांचा चौकोन वाचा: कोणी आखलं, कोणी तपासलं, हे तिथे लिहिलेलं असतं.