मुळावरची कीड टूथपेस्टने थांबते का?

प्रश्न : माझं वय ६१. हिरड्या खाली सरकल्यामुळे खालच्या दोन उपदाढांची मुळं उघडी पडली आहेत आणि तिथे तपकिरी डाग आहेत. दंतवैद्यांनी दात न भरता ५००० पीपीएम (दहा लाख भागांत ५००० भाग) फ्लोराइडची टूथपेस्ट लिहून दिली. दोन महिने झाले, पण डाग उलट काळे दिसतात. पेस्ट बदलू का?

उत्तर : बदलू नका. रंगावरून कीड वाढली की थांबली ते कळत नाही; थांबलेली कीडही पुष्कळदा काळी दिसते. खरी खूण स्पर्शात असते. चालू कीड मऊ लागते, आटोक्यात येत असलेली चामड्यासारखी, आणि थांबलेली कडक व गुळगुळीत. ही तपासणी दंतवैद्य बोथट सळईने हलक्या हाताने करतात. घरी टाचणीने टोकरून पाहू नका, मऊ पृष्ठभाग तुटला की खड्डाच पडतो.

मुळावर इनॅमल, म्हणजे दाताचं कडक बाहेरचं आवरण, नसतं. इनॅमल साधारण ५.५ पीएचला (पीएच हे आम्लतेचं माप; आकडा जितका कमी तितकं आम्ल तीव्र) विरघळू लागतं, मुळाचं डेंटिन (दाताचा आतला, इनॅमलपेक्षा मऊ थर) मात्र ६.२ ते ६.७ च्या आसपासच. म्हणजे इनॅमलला चालून जाईल असं सौम्य आम्लही मुळाला पुरेसं होतं. म्हणून इथे फ्लोराइड जास्त लागतं. नेहमीच्या पेस्टमध्ये ते १००० ते १४५० पीपीएम असतं. तुमच्या पेस्टच्या एका ग्रॅममध्ये ५ मिलिग्रॅम आहे. ते लाळेतलं कॅल्शियम आणि फॉस्फेट मऊ झालेल्या भागात परत बसवायला मदत करतं. काही पेस्टमध्ये १.५ टक्के आर्जिनीन (प्रथिनांतला एक घटक) हेही असतं. तोंडातले काही जंतू त्यापासून अमोनिया बनवतात, त्यामुळे दातावरच्या थरातलं आम्ल कमी होतं.

पेस्ट चांगली असूनही फळ मिळत नाही ते बहुधा चूळ भरल्यामुळे. ब्रश झाल्यावर फेस थुंकून टाका, पाण्याने चूळ भरू नका, आणि अर्धा तास काही खाऊ-पिऊ नका. रात्रीचं ब्रशिंग सर्वांत मोलाचं, कारण झोपेत लाळ कमी सुटते आणि फ्लोराइड जास्त वेळ टिकतं. मऊ ब्रश हिरडीच्या कडेला तिरका धरून हलकेच फिरवा. जोर लावलात तर हिरडी आणखी सरकेल आणि मूळ झिजेल. कोळशाची किंवा दात पांढरे करणारी खरखरीत पावडर अजिबात नको. दोन दातांमधल्या मुळापर्यंत साधा ब्रश पोचत नाही, तिथे फटीच्या मापाचा बारीक ब्रश वापरा. ही पेस्ट गिळू नका आणि घरातल्या मुलांना देऊ नका. दिवसातून किती वेळा वापरायची ते चिठ्ठीत लिहिलं असेल तसंच पाळा.

तोंड सतत कोरडं पडतं का? रक्तदाब, नैराश्य किंवा ॲलर्जीच्या काही औषधांनी लाळ घटते आणि लाळ नसेल तर पेस्टचं निम्मं काम अडतं. औषध स्वतःहून बंद करू नका, पण त्यांची यादी दंतवैद्यांना जरूर दाखवा.

खड्डा पडून त्यात अन्न अडकत असेल, ब्रशने तो भाग स्वच्छ होत नसेल किंवा दात ठणकत असेल, तर पेस्टवर विसंबू नका. गेलेला आकार पेस्टने परत येत नाही. तिथे दात भरावाच लागतो. तसं काही नसेल तर पेस्ट चालू ठेवा आणि तिसऱ्या महिन्यात जाऊन डाग कडक झालाय का ते तपासून घ्या.