आकडा चांगला, तरी दुपारी डोळे मिटतात

“डॉक्टर म्हणतात मशीनचा रिपोर्ट उत्तम आहे. मग मला अजून थकवा वाटतो हे त्यांना कोणत्या तोंडानं सांगू?” स्लीप अ‍ॅप्नियाचे, म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडण्याच्या आजाराचे, उपचार चालू असलेले लोक, त्यातही बायका, मला हे फार विचारतात. उत्तर म्हणून वडोदऱ्यातल्या, दांडिया बाजारात राहणाऱ्या एका काकूंची हकिगत सांगते. त्यांची परवानगी आहे, आणि ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

काकू माझ्याकडे झोपेची तक्रार घेऊन आल्याच नव्हत्या. काकांनी त्यांना आणलं होतं. चिडचिड, विसराळूपणा, पोथी वाचता वाचता डुलकी. “डॉक्टरांच्या मते सगळं नॉर्मल आहे, म्हणजे हिच्या मनाचंच काहीतरी,” असं काकांचं निदान. मी काकूंना प्रश्न विचारत होते आणि उत्तरं काका देत होते.

सहा महिन्यांपूर्वी झोपेच्या तपासणीत काकूंचा एएचआय 34 आला होता. झोपेच्या दर तासाला सरासरी इतक्या वेळा श्वास थांबत होता किंवा अपुरा पडत होता. मोठ्या माणसात हा आकडा 5 च्या आत असावा, 30 च्या पुढे गेला की आजार गंभीर धरतात. मग सीपॅप मशीन आलं, म्हणजे मास्कमधून दाबानं हवा देऊन झोपेत श्वासाची वाट उघडी ठेवणारं यंत्र. फॉलो-अपला मशीनवर एएचआय 3 दिसला, डॉक्टरांनी “सारुं छे ने?” विचारलं, काकू “हा, सारुं छे” म्हणाल्या आणि पुढचा पेशंट आत गेला.

काकांना थोडा वेळ बाहेर बसवलं आणि विचारलं, “काकू, मास्क रात्री किती वाजेपर्यंत असतो?”

“तीनच्या सुमारास काढते. कधी झोपेतच निघतो.” तोंडाला कोरड पडते, कडेनं हवा निसटून डोळ्यांत जाते, तिच्या आवाजानं ‘यांची’ झोपमोड होते. डॉक्टरांना सांगितलंत? “रागावले तर? आणि मुलानं एवढं महागाचं मशीन घेऊन दिलंय, मी कुरकुर कशी करू?”

मी डॉक्टर नाही, पण इतकं मला माहीत होतं: मशीन चालू असेल तेवढ्याच वेळाचा हिशेब ते ठेवतं. 3 हा आकडा काकूंच्या अर्ध्या रात्रीचा होता. शिवाय स्वप्नांची झोप, म्हणजे आरईएम, रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असते. त्या झोपेत घशाचे स्नायू अधिक सैलावतात आणि पुष्कळ जणांचा श्वास तेव्हाच जास्त अडतो. नेमक्या त्या वेळी काकूंचा मास्क उशाशी पडलेला असायचा. डॉक्टरांनी वापराचे तास पाहायला हवे होते हे खरंच. पण ओपीडीच्या गर्दीत समोर चांगला आकडा आणि पेशंट म्हणतोय बरं आहे, तर कोण खोलात जाईल?

पुढच्या फॉलो-अपची तयारी आम्ही परीक्षेसारखी केली. आधी एपवर्थ प्रश्नावली भरली. वाचताना, टीव्ही पाहताना, दुपारी आडवं झाल्यावर अशा आठ प्रसंगांत डुलकी लागण्याची शक्यता किती, याला प्रत्येकी 0 ते 3 गुण. एकूण 24 पैकी 10 च्या वर गेलं तर दिवसाची झोप जास्त मानतात. काकूंचे 15 आले. बोलता बोलता कळलं की अ‍ॅक्टिव्हावर सिग्नलला थांबल्या की पापण्या जड होतात. ते मी कागदावर सगळ्यात वर लिहायला लावलं, आणि डॉक्टर भेटेपर्यंत गाडीला हात लावायचा नाही असं बजावलं.

कागदावर आधी गुडघेदुखीपासून सगळी रामकहाणी उतरली होती. ती छाटून तीन ओळी ठेवल्या: गाडीवर झोप येते, मास्क तीननंतर नसतो, आणि तो का काढावा लागतो. मग गुजरातीत तालीम. मी डॉक्टर झाले, मुद्दाम फोनकडे बघत राहिले, वाक्य अर्ध्यावर तोडलं. पहिल्यांदा काकू लगेच “सॉरी साहेब” म्हणून थांबल्या. तिसऱ्या खेपेला म्हणाल्या, “साहेब, माझं एवढं पुरं करू द्या.” काकांना एकच काम दिलं: काकूंचं बोलून होईपर्यंत गप्प बसायचं, मग तीननंतरच्या घोरण्याची साक्ष द्यायची. पहिला भाग त्यांना बराच जड गेला.

डॉक्टर याही वेळी एएचआय बघून “सरस” म्हणाले. काकूंनी विचारलं, “तो मास्क लावलेल्या वेळेचाच आहे ना? मी तो तीनला काढते.” मग मात्र त्यांनी मशीनचं, वापराची नोंद ठेवणारं कार्ड मागितलं. वापर सरासरी पावणेचार तास आणि हवेची गळती भरपूर. मशीन विकणाऱ्याच्या माणसानं पहिल्या दिवशी मास्क बसवला होता, त्यानंतर हे कार्ड कुणी उघडलंच नव्हतं. नाक चोंदत असल्यानं काकू तोंडानं श्वास घेत होत्या, आणि मास्क फक्त नाकाचा. डॉक्टरांनी नाकावर औषध दिलं, हवा ओलसर करणारा ह्युमिडिफायर लावायला सांगितला, नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क सुचवला. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी12 पाहायला सांगितलं, कारण मशीन नीट वापरूनही थकवा उरला तर कारण दुसरीकडे असू शकतं. काकू सर्दीसाठी रोज जी गोळी घेत होत्या, तिनंही गुंगी येते हे तिथेच निघालं. नव्या मास्कचे पैसे देण्याआधी तो आडवं होऊन, मशीन चालू ठेवून लावून पाहायचा, हा हट्ट काकूंचा स्वतःचा. तो मी शिकवला नव्हता.

आता बहुतेक रात्री मास्क पहाटे पाचपर्यंत टिकतो. एपवर्थ 9 वर आला, आणि डॉक्टरांना विचारूनच काकू पुन्हा अ‍ॅक्टिव्हावर बसल्या. चिडचिड बरीचशी उरली आहे. तिच्यासाठी त्या माझ्याकडे येत राहतात, आणि त्या चिडचिडीत काकांचाही वाटा असल्यानं आता त्यांनाही सोबत बसवते.