'सिक्स' पॅकेज करतोयस? आधी हे बघ

पहिल्या पॅकेजसाठी 'सिक्स' ही पायथन लायब्ररी निवडलंस, बरं केलंस. पायथन २ आणि ३ मधला दुवा, म्हणून २ गुणिले ३, सहा! पॅकेज दोनदा बिल्ड केलं तरी अगदी तेच यायला हवं; इथे सगळा कोड एकाच फाईलमध्ये, त्यामुळे दोन बिल्डमध्ये फरक पडला तर शोधायला रान मोठं नाही.

फरक बहुतेक वेळा पीवायसी (.pyc) फाईलमध्ये, म्हणजे पायथनने कोडपासून बनवलेल्या बाईटकोडच्या फाईलमध्ये सापडतो. तिच्या हेडरमध्ये मूळ फाईलची वेळ लिहिलेली असते. 'सोर्स_डेट_इपॉक' (SOURCE_DATE_EPOCH) हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल सेट कर; त्यात १९७० च्या सुरुवातीपासूनचे सेकंद लिहितात. पायथन ३.७ पासून मग वेळेऐवजी हॅश, म्हणजे मूळ फाईलच्या मजकुरावरून काढलेला ठसा, लिहिला जातो. पण त्यात शून्य टाकू नकोस. व्हील, म्हणजे पायथन पॅकेजची तयार फाईल, शेवटी झिपच, आणि झिपला १९८० च्या आधीची तारीख चालत नाही. मी शून्य टाकून अख्खी संध्याकाळ घालवली होती. ३१५५३२८०० टाक, म्हणजे १ जानेवारी १९८०.

गिक्स हा पॅकेज मॅनेजर वापरत असशील तर 'गिक्स बिल्ड --चेक -के' (guix build --check -K, के मोठा) चालव; तो पॅकेज पुन्हा बिल्ड करून आधीच्याशी ताडून बघतो. फरक असेल तर दुसरी प्रत शिल्लक राहते. दोन्ही प्रती डिफोस्कोपला, म्हणजे फाईलींमधला फरक नेमका कुठे आहे ते दाखवणाऱ्या टूलला दे. नुसते चेकसम बघत बसलास तर फरक आहे एवढंच कळेल, कुठे ते नाही.

आणि हो, पॅकेज करण्याआधी 'सिक्स' खरंच कोणाला लागतंय का ते तपास. पायथन २ ची देखभाल २०२० मध्येच थांबली.