एमडी मेडिसिननंतर खासगी नोकरी सोडून शिकवायला जावं का?

तुमचं एमडीचं शेवटचं वर्ष, खासगी हॉस्पिटलची ऑफर हातात आहे, तरी मन मेडिकल कॉलेजकडे ओढतंय. शिवाय चांगला शिक्षक होता येतं की तो मुळातच असावा लागतो, असंही तुम्ही विचारलंय.

मी मराठवाड्यातल्या एका सरकारी कॉलेजात २७ वर्षं मेडिसिन शिकवतेय. पैशाचं आधी उरकते: कमी मिळतात. बदल्या होतात, आणि सुरुवातीची बरीच वर्षं तात्पुरत्या ऑर्डरवर जातात. कॉलेजच्या मान्यतेसाठीच्या इन्स्पेक्शनच्या हंगामात आम्हाला रातोरात दुसऱ्या कॉलेजात धाडत, तिथल्या खुर्च्या भरलेल्या दिसाव्यात म्हणून. हे सोसणार नसेल तर ऑफर घ्या, त्यात कमीपणा काहीच नाही.

शिकवणं म्हणजे काय हे मला एका स्प्लीनने, म्हणजे प्लीहेने, शिकवलं. एमबीबीएसला असताना वॉर्डातलं पहिलंच पोस्टिंग. सरांनी एका पेशंटचं पोट तपासायला सांगितलं. स्प्लीन डाव्या बरगडीखाली असते एवढं पाठ होतं, म्हणून तिथेच बोटं खुपसली. ‘सर, स्प्लीन लागत नाही.’ सर हात पाठीमागे बांधून उभे. ‘हो’ म्हणाले नाहीत, ‘नाही’ही म्हणाले नाहीत. बराच वेळ गेला. मग म्हणाले, ‘खालून ये. पोटाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातून. प्रत्येक श्वासाला थोडं वर सरक.’ बेंबीच्या खाली, उजवीकडेच, बोटांवर एक कडा येऊन आपटली. कडेला खाचसुद्धा होती. स्प्लीन इतकी वाढलेली की माझा हात पहिल्यापासून तिच्यावरच होता. मग कडा सापडणार कुठून?

मी हात ठेवला तेव्हाच सरांना चूक कळली असणार. त्यांनी माझा हात धरून नेला असता तर अर्ध्या मिनिटात काम झालं असतं आणि संध्याकाळपर्यंत मी विसरले असते. चांगल्या डॉक्टरला हे गप्प थांबणंच जड जातं. रोगाचं निदान त्याला दारातूनच दिसलेलं असतं आणि जीभ शिवशिवत असते.

अर्थात वाट पाहायची ती पेशंटच्या जिवावर नाही. आणि त्याच्या सहनशक्तीवरही नाही. सहा पोरं एकामागून एक तेच पोट दाबतात तेव्हा कुणीतरी म्हणतंच, ‘मॅडम, आता बस करा ना, लई दुखायलंय.’ माझ्या युनिटमध्ये दुखरं पोट एकच विद्यार्थी तपासतो, तोही परवानगी विचारून, हात चोळून गरम करून. हात चोळायची सवय सरांची. ती त्यांनी कधी सांगून शिकवली नाही, आम्ही बघून उचलली.

माझी स्वतःची चूकही सांगते. नवीन लेक्चरर होते, डोक्यात वारं होतं. राउंडवर एका रेसिडेंटने इन्सुलिनच्या डोसात गोंधळ घातला. डोस अजून दिलेला नव्हता, फक्त लिहिलेला. मी पेशंटच्या उशाशीच त्या रेसिडेंटची बिनपाण्याने केली. दुसऱ्या दिवशी बेड रिकामा. रात्री डामा, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध जातोय असं, लिहून देऊन पेशंट गेला होता. सरांना कळलं. ते ओरडले नाहीत. म्हणाले, ‘अगं, रात्री पेशंटजवळ तू नसतेस, हा पोरगा असतो. याच्या हातून आता तो सलाइन तरी लावून घेईल का?’ तेव्हापासून चूक तिथल्या तिथे दुरुस्त करते, पण बोलायचं ते ड्यूटी रूममध्ये, दार लावून.

चांगला शिक्षक होता येतं का? येतं. त्याची ट्रेनिंगंही आता आहेत. २०१९च्या बॅचपासून एमबीबीएसचा नवा अभ्यासक्रम आला, त्यात पेशंटशी बोलणं, वाईट बातमी सांगणं, संमती घेणं हे रीतसर आलं. आम्हाला यातलं अक्षरही कुणी शिकवलं नव्हतं, त्यामुळे मी याच्या बाजूची आहे. फक्त लॉगबुकांचा ढीग सत्राच्या शेवटी सह्यांना येतो आणि आम्ही पोस्टातल्या शिक्क्यांसारख्या सह्या हाणतो, ते सोडून.

शिकवायच्या युक्त्या मात्र ज्याने त्याने शोधायच्या. पर्कशनवर, म्हणजे बोटांनी ठोकून छाती तपासण्यावर, १७६१ साली पहिल्यांदा लिहिणारा ऑस्ट्रियन डॉक्टर आउएनब्रुगर खानावळवाल्याचा मुलगा. पिंपात वाइन कुठवर आहे ते ठोकून ओळखणं त्याने घरीच पाहिलं होतं, असं सांगतात. १८०८मध्ये फ्रेंच डॉक्टर कोर्व्हिसारने त्याचं पुस्तक फ्रेंचमध्ये आणेपर्यंत त्याला फारसं कुणी विचारलं नाही. हे सांगून मी पोरांना वॉर्डाबाहेरच्या पाण्याच्या पिंपावर ठोकायला लावते. वॉर्डबॉय मामा वैतागतात. पण त्यानंतर छातीतल्या पाण्याची पातळी काढताना पोरं अडखळत नाहीत.

तुम्ही एक करा. पुढचा महिनाभर ओपीडीत एका इंटर्नला शेजारी बसवा आणि हिस्टरी त्याला घेऊ द्या. मध्ये तोंड घालायचं नाही. किती वेळा घातलंत ते मोजा. मीही मोजते. मागच्याच आठवड्यात एका इंटर्नच्या हातातून बीपीचा पट्टा ओढून घेतला, ओपीडीत रांग होती म्हणून.